भित्र्या कुत्रीला धीट करताना: उंबऱ्यापासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात शिवाजी पेठेत रस्त्याला लागून घर. दीड वर्षाची गावठी कुत्री, दोन महिन्यांपूर्वी दत्तक घेतलेली. घरच्यांजवळ येते, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. पाहुणे आले की पलंगाखाली शिरते. गल्लीतून डॉल्बी गेला की थरथरते, लाळ गाळते, त्या दिवशी जेवत नाही. शेजारच्यांचा सल्ला आहे की पट्टा घालून ओढत न्या, चार दिवसांत सवय होईल. आणि गणपतीला अडीच महिने उरलेत.

ओढणं आजपासून बंद करा. ओढत नेलेली कुत्री चार दिवसांनी गप्प चालायला लागते हे खरं आहे, म्हणूनच हा सल्ला गल्लोगल्ली टिकून आहे. पण ती गप्प का झाली हे बघायला हवं. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग कुत्र्यांवरच झाले होते, आणि ते क्रूर होते. ज्या कुत्र्यांना विजेचे झटके चुकवायचा काहीच मार्ग दिला नव्हता, त्यांतली बरीच पुढे मार्ग समोर मोकळा असतानाही पळाली नाहीत, पडून राहिली. आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही, हे ती शिकली होती. ओढत नेलेली कुत्री हेच शिकते. तिची परीक्षा सोपी आहे: रस्त्यावर चिकनचा तुकडा नाकाला लावून बघा. शेपूट पोटात, तोंड फिरवलेलं, जमीन हुंगायलाही तयार नाही, अशी असेल तर तिला सवय झालेली नाही, तिनं हात टेकलेत. अशी कुत्री एखाद्या दिवशी मोठा आवाज झाला की पट्ट्यातून निसटून पळते, आणि आपल्या रहदारीत ते जिवावर बेततं.

धीटपणा येतो तो दोन गोष्टींनी. पुढे काय होणार हे आधी कळणं, आणि नको वाटलं तर मागे फिरता येणं. खालचा सगळा सराव याच दोन गोष्टींवर उभा आहे.

आधी डॉक्टरांकडून एकदा नीट तपासणी करून घ्या: कान, दात, कंबर, मागचे सांधे, गोचीडतापासाठी रक्त. आवाजाची भीती आणि अंगातलं दुखणं यांचा जवळचा संबंध आहे. दचकल्यावर अंग आवळतं, दुखऱ्या सांध्यात कळ येते, आणि कुत्री ती कळ आवाजाच्या खात्यावर जमा करते. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्यांत गाडीची धडक बसून कशीबशी जुळलेली हाडं पुष्कळदा निघतात. दुखणं तसंच ठेवून केलेला सराव पुढे सरकत नाही आणि दोष मात्र कुत्रीवर येतो. रेबीजच्या लसीची नोंद त्याच वेळी बघून घ्या.

आता खाऊ. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, वाटाण्याएवढे तुकडे. शाकाहारी घरात पनीर किंवा चालत असेल तर उकडलेलं अंडं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातला तुकडा धुऊनही देऊ नका. कांदा-लसणानं कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तासगावचे बेदाणे आपल्याकडे डब्यात कायम असतात, तेही कुत्र्याला विषारी. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, त्यामुळे 'दोनच दिले' असंही करू नका. वरचा खाऊ दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्यात बसवा. जास्त लागत असेल तर तिचं रोजचं जेवणच सरावात वापरा. एक छोटा शब्द ठरवा, 'हां'. घरातल्या सगळ्यांनी तोच, त्याच स्वरात म्हणायचा, आणि प्रत्येक 'हां' नंतर दोन सेकंदांच्या आत तुकडा द्यायचाच. बाजारात मिळणारा क्लिकर (दाबला की टक् वाजणारी छोटी डबी) आवाजाला भिणाऱ्या कुत्रीसाठी घेऊ नका, तो टक् आवाजच तिला दचकवतो.

पहिले दहा-पंधरा दिवस दार विसरून जा. घराच्या आतच दोन-तीन मिनिटांचे छोटे सराव, दिवसातून तीन-चार वेळा. त्यात सगळ्यात उपयोगी म्हणजे हाताला नाक लावणं. उघडा तळवा तिच्या नाकापासून चार बोटांवर, बाजूला धरा. समोरून डोक्यावर आणू नका. ती हुंगायला आली, नाक टेकलं, 'हां', आणि तुकडा तिच्या मागे, दूर टाका. हातात देऊ नका. मागे टाकल्यानं ती तुमच्यापासून लांब जाते, खाते, आणि मग परत यायचं की नाही हे तिचं ती ठरवते. ती परत आली तर पुढचा डाव. नाही आली तर सराव संपला, बोलवायचं नाही. ज्या कुत्रीला 'नको' म्हणता येतं, ती पुढच्या वेळी लवकर 'हो' म्हणते. पाच वेळा जमलं की हात वीतभर लांब, मग एक पाऊल, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला. महिन्याभरानं हाच हात तिला अवघड जागेतून ओढाताण न करता बाजूला न्यायला कामी येतो.

दुसरा खेळ पुठ्ठ्याच्या खोक्याचा. त्यात वर्तमानपत्राचे बोळे आणि मधे तिचं खाणं. सुरुवातीला दोनच बोळे आणि खोकं बुटकं, कडा कापलेल्या. आठवड्यानं त्यात प्लास्टिकच्या एक-दोन रिकाम्या बाटल्या टाका. ती नाकानं ढोसते, बाटली खडखडते, ती मागे सरते, मग परत येऊन ढोसते. हा आवाज तिनं स्वतः केलेला आहे आणि थांबवणंही तिच्याच हातात आहे. बाहेरून येणाऱ्या आवाजाशी झुंजण्याआधी हा अनुभव फार मोलाचा असतो. तिसरी गोष्ट, एक पोतं किंवा जाड चटई ठेवा. तिच्यावर पाय पडला की तुकडा. या चटईवर कधीही औषध पाजायचं नाही, नखं कापायची नाहीत, आंघोळीला उचलायचं नाही. पुढे हीच चटई सोप्यात, दाराशी, पै-पाहुण्यांच्या घरी न्यायची आहे, म्हणून तिचं नाव चांगलं राहिलं पाहिजे.

पलंगाखालची जागा तिचीच राहू द्या. तिथून ओढून काढायचं नाही, हात घालायचा नाही, लहान मुलांनी डोकावायचं नाही. भिऊन जवळ आली तर जवळ घ्या. 'लाड केले की भीती वाढते' हा समज चुकीचा आहे. भीती ही खोड नव्हे, त्यामुळे मायेनं ती पक्की होत नाही.

पट्ट्याचं गणित नीट जमवा. गळ्याला साखळी नको, छातीवर इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा हार्नेस घ्या, खांद्याची हालचाल मोकळी ठेवणारा, प्रत्येक पट्टीखाली दोन बोटं सहज जातील असा. भित्री कुत्री पुढे जोर लावून सुटत नाही. ती मागे सरते, अंग चोरते, आणि हार्नेस डोक्यावरून निघतो. म्हणून बरगड्यांच्या मागे दुसरी पट्टी असलेला हार्नेस घ्या, आणि सोबत गळपट्टाही ठेवा. दोन्हींना जोडणारा दोन कड्यांचा दोर लावा, गळपट्ट्यावर फोन नंबरची पट्टी. मुधोळ, कारवान, पश्मी पाळणाऱ्यांनी हे जास्तच लक्षात ठेवावं, त्यांचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं आणि साधा पट्टा सरळ निघून येतो. (या शिकारी कुत्र्यांचं परक्यांपासून चार हात दूर राहणं जातीचं असतं. त्याला भीती समजून प्रत्येक पाहुण्याच्या मांडीवर बसवायला जाऊ नये.) हार्नेस घरातच घालायचा, खाऊ देत, एका मिनिटात काढायचा. हार्नेस म्हणजे बाहेर जाणं, हे समीकरण आत्ताच तयार होता कामा नये.

मग उंबरा. दार बंद, ती दोन मीटरवर चटईवर. कडी वाजवा, तुकडा. परत कडी, तुकडा. कडी वाजली की ती दाराऐवजी तुमच्या हाताकडे बघायला लागली, की दार वीतभर उघडा आणि बंद करा, तुकडा. पुढे अर्धं दार. पुढे पूर्ण उघडं दार, आणि तुम्ही बाहेरच्या पायरीवर दोन सेकंद. ती आतच. पाच प्रयत्नांपैकी चारदा अंग सैल राहिलं तर पुढची पायरी. दोनदा अडखळली तर एक पायरी मागे. तुकडा तोंडात घेऊन टाकला, किंवा एरवी हळू घेणारी आता बोटं चावत हिसकावून घेते, तर ती पायरी तिला जड जातेय.

उंबऱ्यावर उभी असताना तिला जवळून बघा. पुढचे दोन पाय पायरीवर, मान लांब, नाक भराभर हलतंय. पण मागची नखं फरशीत रुतलेली आणि सगळं वजन मागच्या पायांवर. एक कान पुढे, एक मागे. मधेच जीभ नाकावरून फिरते, जांभई येते, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसतो. ती जाऊ की नको यात अडकली आहे. बहुतेकांची चूक इथेच होते. ती पुढे यावी म्हणून चिकन आणखी एक पाऊल पुढे धरतात. ती चिकनच्या मागे जाते, तुकडा तोंडात पडतो, डोकं वर करते तर स्वतः रस्त्याच्या मधोमध आणि शेजारून मोटारसायकल. दुसऱ्या दिवशी चिकन दिसलं की ती पलंगाखाली. आमिष दाखवून तिच्या तयारीपलीकडे नेलं की खाऊ हाच सापळा होतो, आणि तुमच्या हातातलं सगळ्यात चांगलं साधन वाया जातं. म्हणून ती अशी ताणून उभी राहिली की 'हां' म्हणा आणि तुकडा आत, तिच्या मागे सोप्यात टाका. बाहेर बघण्याचं बक्षीस म्हणजे आत जाणं. दोन-चार दिवसांत ती आपणहून वळून परत उंबऱ्याशी येते, आणि एक दिवस मागचे पायही बाहेर पडतात. तेव्हा गडबड करू नका. चांगल्या दिवशी 'चला, आता महाद्वार रोडपर्यंत' असं वाटतं आणि तीन आठवड्यांची कमाई त्या फेरीत जाते.

बाहेरची पहिली जागा पेठेतली गल्ली असू नये. रंकाळा तलावाचा मोह होतो, पण पहाटेपासून फिरायला येणाऱ्यांची वर्दळ आणि संध्याकाळी चौपाटीवरची गर्दी, दोन्ही तिला सोसणार नाहीत. रंकाळा सगळ्यात शेवटी. गाडीत शांत बसत असेल तर गावाबाहेर एखादी पाणंद शोधा, कळंबा किंवा पुढच्या बाजूला. पाच-सहा मीटर लांब दोर हार्नेसला लावा आणि तिला फक्त हुंगू द्या. कसलीही आज्ञा नको, वीस मिनिटं पुरे. हुंगणारी कुत्री शांत होते. उसात शिरू देऊ नका, साप आणि उंदरांसाठी टाकलेलं विष हे दोन्ही धोके खरे आहेत. गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लावलेली असतात, तेव्हा ही जागा बदलावी लागेल. गाडी नसेल तर रात्री अकरानंतर गल्लीतच, दोन माणसांनी: एक कुत्रीबरोबर, दुसरा वीस पावलं पुढे, गल्लीतली इतर कुत्री कुठे आहेत ते बघत. गल्लीतली कुत्री अंगावर आलीच तर मूठभर खाणं बाजूला फेका आणि न पळता उलट दिशेला चला.

एक मोठी दचक बसली की पुढचे एक-दोन दिवस बाहेर नेऊ नका. अंगातला ताण लगेच उतरत नाही, आणि त्या काळात एरवी चालणारी छोटी गोष्टही झेपत नाही.

पाहुण्यांचं सांगायचं तर अडचण कुत्रीपेक्षा माणसांची असते. 'माझ्या हाताखालनं लई कुत्री गेल्यात, मला काय करत न्हाई ती,' म्हणत सरळ वाकून हात पुढे करणारा एक तरी मामा प्रत्येक घरात असतो. त्यांना दारातच सांगा: 'मामा, आधी बसा. तिच्याकडं बघू नका, बोलवू नका, हात करू नका.' पाहुणा बसल्यावर त्याच्याच हातानं तुकडे टाकायचे, पण कुत्रीच्या पलीकडे, म्हणजे खायला तिला पाहुण्यापासून लांब जावं लागेल. पाहुण्याच्या तळहातावरचा खाऊ तिला आमिषानं जवळ ओढतो, आणि खाऊन झाल्यावर ती अनोळखी माणसाच्या पुढ्यात उघडी पडते. तिथेच चावा बसतो. गुरगुरली तर रागावू नका, सगळ्यांनी मागे सरा. गुरगुरणं दाबलं की ती पुढच्या वेळी न सांगता चावते. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठा, कुत्रीला लस दिलेली असली तरी.

आवाजाचा सराव दाराच्या सरावापासून वेगळा ठेवा, वेळही वेगळी. मोबाईलवर ढोल-ताशाची किंवा मिरवणुकीची रेकॉर्डिंग घ्या. फोन शेजारच्या खोलीत, आवाज इतका बारीक की तिचा कान वळेल पण अंग सैलच राहील. आवाज सुरू, एक सेकंद जाऊ द्या, मग तुकड्यामागून तुकडा, चार-पाच सेकंद. आवाज बंद, खाऊ बंद. अर्धा-एक मिनिट काही नाही. असं पाच-सहा वेळा. क्रम उलटा झाला, म्हणजे खाऊ आधी आणि आवाज नंतर, तर कुत्री उलटच शिकते: चिकन दिसलं की काहीतरी भयंकर येतं. तुमचा हात पिशवीत जाण्याआधी आवाज सुरू झालाच पाहिजे, म्हणून फोन दुसऱ्या माणसाच्या हातात द्या. आवाज ऐकून ती खाऊ शोधत तुमच्याकडे बघायला लागली की एक घर वाढवा. आवाज वाढवलात तर अंतर तेच ठेवा, जवळ आणलात तर आवाज कमी करा. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची.

रेकॉर्डिंगची मर्यादाही ध्यानात घ्या. मोबाईलच्या स्पीकरमधून डॉल्बीचा खर्ज येतच नाही. कुत्रीला भिववतो तो बराचसा हाच खर्ज, जो काचा थरथरवतो आणि फरशीतून पंजांना जाणवतो. म्हणून मोबाईलवर पूर्ण आवाजाला झोपणारी कुत्री मिरवणुकीत पलंगाखाली जाते आणि सगळे बुचकळ्यात पडतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बूफर असलेला स्पीकर आणा आणि परत अगदी बारीक आवाजापासून सुरुवात करा. त्यानंतर खरा आवाज, लांबून. ढोल-ताशा आणि झांजपथकांचे सराव गणपतीआधी सुरू झालेले असतातच. मैदानापासून अर्धा-पाऊण किलोमीटरवर गाडी लावा, काचा बंद, दहा मिनिटं, मग घरी. त्याआधी आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेची मंगळवार-शुक्रवारची पी ढबाक या पारंपरिक वाद्याची मिरवणूक पेठेतून जाते. तो सराव समजू नका. त्या दिवशी तिला आतल्या खोलीत ठेवा आणि फक्त लिहून ठेवा: किती वेळ थरथरली, खाल्लं का, आवाज गेल्यावर किती वेळानं बाहेर आली. गणपतीचा निर्णय या टिपणावरून घ्यायचा आहे.

तासाभरातही सावरत नसेल, किंवा त्या दिवशी जेवत नसेल, तर औषधाबद्दल डॉक्टरांशी आत्ताच बोला. औषध देणं म्हणजे हरणं नाही. भीतीनं पूर्ण भरलेला मेंदू काही शिकतच नाही, आणि औषधानं ती पातळी उतरली की हाच सराव लागू पडतो. रोज देण्याच्या फ्लुओक्सेटिनसारख्या औषधाचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे जातात, म्हणून भाद्रपदात जाऊन उपयोग नाही. ट्रॅझोडोन, गाबापेंटिनसारखी औषधं त्या-त्या प्रसंगापुरती देतात. पण त्यांची चाचणी एखाद्या शांत दिवशी घ्यायची, कारण क्वचित एखादी कुत्री त्यानं उलट बेचैन होते. नुसत्या एसप्रोमाझिन या गुंगीच्या औषधावर मिरवणुकीचा दिवस निभावू नका: अंग लुळं पडतं, भीती तशीच राहते, काही कुत्र्यांत आवाजाला दचकणं वाढतं. आणि घरातल्या माणसांच्या झोपेच्या किंवा तापाच्या गोळ्या कधीही नाहीत.

अडीच महिन्यांत ही कुत्री उंबरा ओलांडून गल्लीत फिरायला लागेल, पाहुण्यांसमोर चटईवर बसेल, एवढं नीट केलेल्या सरावानं शक्य आहे. अनंत चतुर्दशीचा डॉल्बी दारातून रात्री उशिरापर्यंत जात असताना शांत बसेल, ही अपेक्षा या वर्षी धरू नका. तुमचं घर मिरवणुकीच्या वाटेवर असेल तर तिला त्या दोन दिवसांसाठी गावाकडे न्या. जिथे न्यायचं त्या घरी श्रावणात एकदा दुपारभर आणि एकदा रात्रीच्या मुक्कामाला तिची चटई घेऊन जाऊन या, म्हणजे तेव्हा जागा नवी नसेल. घरीच राहणार असाल तर सकाळी लवकर फिरवून आणा आणि त्यानंतर बाहेरच्या दाराला आतून कुलूप लावा. खोली माजघराकडची, खिडक्यांना जाड पडदे, पंखा आणि टीव्ही सकाळपासूनच चालू. ताटलीत दही पसरून फ्रीझरमध्ये गोठवलेलं असेल तर चाटत बसते. साखळीनं बांधू नका. एक माणूस पूर्ण वेळ तिच्याजवळ राहील असं आधीच ठरवा, कारण आरतीच्या वेळी सगळे बाहेर धावतात आणि दार नेमकं तेव्हाच उघडं राहतं.